एकवीस, बावीस नको

कागदावर 'आपल्या सोयीसाठी' असं छापलेलं दिसलं की मी आधी पर्स घट्ट धरते. आजवर माझ्या सोयीसाठी जे जे काही झालं, त्याने माझी झोप तरी उडवलीय नाहीतर सुट्टी तरी खाल्लीय. या वेळच्या पत्रात तर ते दोनदा छापलं होतं, एकदा वर आणि एकदा सहीच्या खाली.

मजकूर चारच ओळींचा. औषध निधी आणि मदतनीस विभाग यांच्या तपासण्या यापुढे वेगवेगळ्या होणार नाहीत. दोन्ही कार्यालयांची एकच तपासणी, एकाच दिवशी, एकाच गुणपत्रकावर. मंगळवारी अकरा वाजता मुलीला घेऊन हजर राहावे.

नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, "बरं झालं की! एक खेप वाचली."

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. साधा माणूस आहे, वर जाणं आणि खाली येणं यापलीकडे कुणी काही भानगड करत असेल असं त्याच्या मनात येत नाही. "परत वाच," मी म्हटलं. त्याने परत वाचलं आणि हातातला चहा न पिताच खाली ठेवला.

भानगड काय आहे ते सांगते. आमची मुलगी सात वर्षांची. घरात तिला सगळे वकील म्हणतात, कारण ती कुणालाही उलटतपासणी घेतल्याशिवाय सोडत नाही. तोंड चालतं, डोकं त्याहून जोरात चालतं, पाय मात्र कधी चाललेच नाहीत. जन्मापासूनच एका जनुकात खोट आहे. पाठीच्या कण्यातून स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या मरत जातात, आणि मग हात, पाय, पाठ, छाती सगळंच हळूहळू ढिलं पडत जातं. ती चौदा महिन्यांची असताना डॉक्टरीणबाईंनी हे आम्हाला सांगितलं, आणि त्याच दमात सांगितलं की यावर औषध आहे. आम्ही दोघं रडता रडता हसलो. मग त्यांनी किंमत सांगितली.

ते औषध दर चार महिन्यांनी कण्यात टोचायचं. एका बाटलीत चहाच्या चमच्याएवढं. त्या एका चमच्यात आम्ही राहतो तसली दोन घरं येतात, आणि आम्ही भाड्याने राहतो. नवरा म्हणाला, "डॉक्टर, एखादं शून्य जास्त पडलंय का बघा ना." शून्य बरोबर होतं. एवढं महाग का, तर म्हणे आजार दुर्मिळ, गिऱ्हाईक थोडं, मग भाव जास्त. म्हणजे माझ्या पोरीला आजारसुद्धा घाऊक भावात मिळाला नाही.

बाटलीचे पैसे औषध निधी देतो. पण फक्त बाटलीचे. ती टोचायची म्हणजे दिवसभराची खाट, भूल देणारा डॉक्टर, सुया, तपासण्या, ते सगळं आमच्या माथी. शिवाय घरी खोकला काढायचं यंत्र आहे, त्याचं भाडं. हे सगळं माझ्या पगारातून जातं. नवऱ्याच्या पगारात घरभाडं आणि पोट. आणि मी कामावर जाऊ शकते, कारण मदतनीस विभाग आठ ते चार एक बाई देतो. वकील तिला काकू म्हणते, मग आम्हीही म्हणतो. काकू तिला उचलतात, आंघोळ घालतात, संडासला नेतात, शाळेच्या गाडीत बसवतात, घशात कफ अडकला तर यंत्र लावतात. काकू गेल्या तर माझी नोकरी गेली, नोकरी गेली तर बाटली फुकट मिळूनही टोचायची कशाने?

आता गंमत बघा. औषध निधीला दरवर्षी सुधारणा दिसली पाहिजे. नाहीतर एवढं महागडं औषध वाया जातंय म्हणून बंद. आणि मदतनीस विभागाला दिसलं पाहिजे की मुलीला काहीच जमत नाही. जमायला लागलं तर बाई कशाला हवी, म्हणून बंद. एकाला पोरगी बरी होताना हवी, दुसऱ्याला न होताना. पोरगी एकच.

आजवर आमचं निभावलं, कारण दोन कार्यालयं दोन टोकांना होती आणि तपासण्यांमध्ये सहा महिन्यांचं अंतर होतं. औषध निधीचा दरवाजा निळा, मदतनीस विभागाचा हिरवा. वकील चार वर्षांची असतानाच तिला कळलं होतं. निळ्या दरवाजात जायचं आणि जीव तोडून सगळं करून दाखवायचं. हिरव्यात जायचं आणि नुसतं बसायचं. हे मीच शिकवलं. कुणाला मला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा.

एक गोष्ट मात्र मी शिकवली नाही. दोन वर्षांपूर्वी हिरव्या दरवाजाचा माणूस न सांगता घरी आला. बेल वाजली, मी दार उघडलं, आणि मागे टेबलाशी वकील मान खाली वाकवून स्वतःच्या हाताने बिस्कीट खात होती. त्याने लिहिलं, 'स्वतः खाते.' काकूंचे दोन तास कापले. आधी त्या सहापर्यंत असायच्या. तेव्हापासून बेल वाजली की पोरीचा हात आपोआप मांडीत पडतो, मग हातात काहीही असो. चमचा, पेन्सिल, काहीही. कोण आलंय ते कळेपर्यंत ती तशीच बसते. तिची तीच शिकली हे.

तर आता दोन्ही दरवाजे एक झाले होते.

मी फोन लावला. चाळीस मिनिटं तीच तुणतुण्यासारखी धून ऐकली. मग एक बाई गोड आवाजात म्हणाली, "काही काळजी करू नका ताई, सगळं नियमानुसारच होईल." मी म्हटलं, "त्याचीच तर काळजी आहे बाई." पण नियम काय ते तिने सांगितलं, एवढे तिचे उपकार. गुणपत्रकावर वीस हालचाली, प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. मुळीच जमत नाही, आधाराने किंवा अर्धवट जमतं, नीट जमतं. औषध चालू राहायला मागच्या वर्षीपेक्षा दोन गुण जास्त हवेत. मागच्या वर्षी एकोणीस होते, म्हणजे एकवीस. आणि बावीसपासून पुढे मूल 'अंशतः स्वावलंबी' धरतात, मदतनीस बंद.

वीसला औषध जातं. बावीसला काकू जातात. मधे एकवीस.

मी शर्टांच्या कारखान्यात चेकर आहे. तयार शर्ट माझ्या टेबलावर येतो, मी शिवण बघते, कॉलर मोजते, बटणं ओढते, लोंबणारे धागे तोडते आणि चूक दिसली तिथे लाल बाण चिकटवते. धागे तोडायची छोटी कात्री दिवसभर गळ्यात लटकलेली असते, कधी कधी घरीही तशीच येते. अकरा वर्षं हेच करतेय, त्यामुळे मापात बसवणं मला कळतं. आमच्याकडे कॉलरसुद्धा अर्धा सेंटीमीटर इकडेतिकडे झाली तर चालते. माझ्या पोरीला तेवढीही सूट नव्हती.

पण आकडा हातात आल्यावर माझं डोकं चालायला लागलं. मागच्या वर्षीचं गुणपत्रक कपाटात होतंच. आठ दिवस कामावरून आल्यावर आम्ही दोघी पलंगावर तालीम करायचो. चेंडू उचलणं, दोन. कुशीवर वळणं, येतं पण मधेच थांबून हात मागायचा, एक. टेकू न घेता बसणं, दोन. पालथं पडून मान उचलणं, एक. शेवटची विसावी हालचाल होती हात डोक्यावर नेणं. तो तिचा कधी खांद्याच्या वर गेलाच नव्हता, तिथे सरळ शून्य. बेरीज बरोबर एकवीस.

"म्हणजे खोटं बोलायचं?" वकिलांनी विचारलं.

"खोटं नाही गं. येतं त्यातलं थोडं कमी करायचं."

"म्हणजे थोडं खोटं."

"गप बस आणि कुशीवर वळ."

"वळू की अर्धी वळू?"

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. तो दार आपटून आत निघून गेला. त्या रागाचं मी काय करणार? मलाही आलेलाच होता, पण माझ्याकडे बेरीज होती.

मंगळवारी खोली नवी कोरी होती. दरवाजा ना निळा ना हिरवा, पांढरा. टेबलामागे दोघं शेजारी शेजारी: औषधवाले साहेब आणि मदतनीसवाल्या मॅडम. दोघांमध्ये पाण्याची एकच बाटली. जमिनीवर गादी, आणि गादीवर हालचाली तपासायला फिजिओवाली मुलगी, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली असावी. तिने वकिलाला उचललं ते इतक्या अलगद की मला बरंच वाटलं. इथेच माझी चूक झाली. मी त्या दोघांवर डोळा ठेवून बसले, हिच्यावर नाही.

वकिलाने काय काम केलं! चेंडू, दोन. कुशीवर वळताना मधे थांबली, ओठ बाहेर काढले आणि "ताई, हात द्या ना" म्हणाली. एक. मान उचलताना अशा काही धापा टाकल्या की मलाच क्षणभर काळजी वाटली. प्रत्येक हालचालीनंतर तिची नजर माझ्याकडे यायची आणि मी पर्सच्या पट्ट्यावर बोट आपटून मोजायचे. एकोणीस हालचाली संपल्या तेव्हा एकवीस झाले होते. मी श्वास सोडला.

"आता हात डोक्यावर," फिजिओवाली मुलगी म्हणाली.

"तो नाही जात," वकिलाने सांगितलं. आणि ते खरं होतं. त्या दिवसातलं बहुतेक एकच अगदी खरं वाक्य.

"नाही जात तर नाही. थांब हं." त्या मुलीने टेबलावरचा एक रद्द झालेला फॉर्म घेतला, इकडून दुमडला, तिकडून दुमडला, आणि टोकंटोकं काढून मुकुट केला. तो पोरीच्या हातात दिला. "राणीला मुकुट दुसऱ्या कुणी घालायचा नसतो. बघ."

वकिलाने मुकुटाकडे बघितलं. मग कोपर गुडघ्यावर टेकवलं, सगळं अंग एका बाजूला कलतं केलं, मान खाली आणली आणि हात वर सरकवत सरकवत नेला. थरथरत होता. हनुवटी, कान, केस. आणि मुकुट डोक्यावर बसला. जरा वाकडा.

टाळ्या झाल्या. साहेबांनी वाजवल्या, मॅडमनीही वाजवल्या, फिजिओवाली मुलगी तर ओरडलीच. माझी पोर लाल होऊन हसत होती. सात वर्षांत पहिल्यांदा तिचा हात डोक्याला लागला होता. आणि मी, तिची आई, मी काय केलं? मी मोजलं. अर्धवट जमतं, एक गुण. बावीस.

"अभिनंदन ताई," साहेब म्हणाले. "तीन गुणांची वाढ. तुमचं औषध चालू."

मॅडमनी स्वतःच्या बाजूचा कागद ओढला. "आणि आमच्या दृष्टीनेही आनंदाचीच गोष्ट आहे. ती आता पूर्ण परावलंबी गटात बसत नाही. मदतनीस या महिनाअखेरीपर्यंत राहील."

वकिलाचं हसू थांबलं. आमच्या वकिलाला बेरीज येते. "आई, बावीस झाले?" तिने सगळ्यांसमोर विचारलं. "आपण मुकुट बेरजेत धरलाच नव्हता ना. माझं चुकलं का?"

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे? मुलीला पढवून आणलंय का तुम्ही?"

माझ्या अंगात जे काही इतकी वर्षं दाबून ठेवलेलं होतं ते उसळून वर आलं. "हो!" मी म्हटलं. "पढवून आणलंय. आठ दिवस तालीम घेतलीय, लिहून घ्या. तुमच्यासाठी जास्त आणि यांच्यासाठी कमी, अशी मापात शिवून आणली होती पोर. एकाच टेबलावर बसलाय ना दोघं? मग एकमेकांना विचारा की, हिने बरं व्हायचं का नाही व्हायचं! तुम्ही म्हणता सुधारली नाही तर औषध काढून घेतो, या म्हणतात सुधारली म्हणून बाई काढून घेतो. मुकुट घातला म्हणून ती संडासला एकटी जाणार आहे का? रात्री कूस बदलणार आहे? कफ अडकला तर तो कागदाचा मुकुट काढणार आहे का बाहेर?"

"ताई, नियम मी केलेले नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"कुणीच केलेले नाहीत! सहा वर्षं हेच ऐकतेय. औषधाचा भाव कंपनीने केलेला नाही, संशोधनाने झाला. खाटेचा खर्च निधीत का नाही ते निधीला माहीत नाही. नियम तुम्ही केलेले नाहीत. मग काय आभाळातून पडलं का हे सगळं नेमकं माझ्या पोरीच्या डोक्यावर?"

फिजिओवाली मुलगी गादीवर बसून रडायला लागली होती. "मला माहीत नव्हतं हो," ती म्हणाली. तिचाही मला राग आला, अगदी मनापासून आला. तिने केलं काय, तर सगळ्या खोलीत एकटीच पोरीशी प्रेमाने वागली, आणि तेच आम्हाला सगळ्यात महाग पडलं.

साहेबांनी चष्मा परत घातला. 'पढवून आणले' हे काही लिहिलं नाही, एवढं म्हणायला हवं. कागद माझ्याकडे सरकवला. "अपील करता येतं. नव्वद दिवसांत उत्तर मिळतं. पण इथे सही लागेल, नाहीतर पुढची बाटली अडेल."

पुढची बाटली नऊ तारखेला होती. मी सही केली. एवढी आरडाओरड करून शेवटी सही केली, हे सांगायला लाज वाटते.

परतताना गाडीत वकील मुकुट मांडीवर घेऊन बसली होती. नवरा आम्हाला घ्यायला आला होता, तोच गाडी चालवत होता, त्याला मी सगळं सांगितलं, आणि तो एकदाच बोलला. "हात खरंच वर गेला?" त्याचा आवाज कापरा झाला होता, आणि तो आनंदाने झाला होता हे मला कळलं. मला त्याचा हेवा वाटला. मी ते बघितलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं, आणि मला आनंद झाला नव्हता. मी त्या क्षणी नोकरी मोजत होते. काकू जातील, नोकरी जाईल, काहीतरी करून आम्ही उभे राहूही. पण तो हात पहिल्यांदा वर जाताना बघायचा होता मला. तो क्षण त्यांनी घेतला. त्यासाठी कुठे अपील करायचं?

"आई," मागून आवाज आला, "तू अजून सांगितलं नाहीस. माझं चुकलं का?"

"नाही."

"मग तू टाळ्या का नाही वाजवल्यास?"

उत्तर नवऱ्याने दिलं, "आईच्या हातात पर्स होती ना." वकिलाचं समाधान झालं नाही, पण तिने प्रश्न पुढे रेटला नाही. एरवी ती असं कधी सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर जायला तयार होऊन तिला भरवायला बसले होते. कात्री गळ्यात अडकवून झाली होती, पर्स खांद्याला होती. टेबलावर तिचा छोटा पेला होता, अर्धा भरलेला. ती म्हणाली, "थांब, मी बघते," आणि कालच्यासारखं कोपर टेकवलं, अंग कलतं केलं. पेला टेबलावरून उठला. हनुवटीपर्यंत आला. ओठांना लागणार, एवढ्यात बेल वाजली.

तिचा हात मांडीत पडला. पेला जमिनीवर, पाणी सगळं फ्रॉकवर. आणि तिचा चेहरा बदलला, तो हिरव्या दरवाजाचा चेहरा झाला. डोळे विझलेले, तोंड किंचित उघडं, मान एका बाजूला. सात वर्षांची पोर, स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलाशी.

"अगं, काकू असतील," मी म्हटलं. "आणि आता कुणापासून लपवायचं नाहीये. त्यांना जे घ्यायचं ते घेऊन झालं."

चेहरा तसाच ठेवून, ओठ न हलवता तिने विचारलं, "मग घरी आता कोणता नियम?"

मी उठले. पॅसेजमध्ये गेले आणि मेन स्विच बंद केला. एवढं डोकं अजून ठिकाणावर होतं. मग स्टूल ओढलं, वर चढले, बेलचं झाकण नखांनी उचकटलं आणि गळ्यातल्या कात्रीने आतल्या दोन्ही वायरी तोडल्या. ती कात्री धाग्यांची, तिची धार गेली असणार. डबी भिंतीवरून उपटून काढली आणि कचऱ्याच्या बादलीत टाकली. आतून नवरा ओरडला, "लाइट गेली का गं?"

दाराबाहेर काकू बटण दाबत होत्या. मग त्यांनी दार ठोकलं. "अहो ताई! बेल वाजत नाही का?"

"नाही वाजत," मी म्हटलं. "हाक मारत जा. आता जरा थांबा."

मी टेबलाशी परत आले, पेला उचलला, भरला आणि तिच्या पुढ्यात ठेवला. ती दाराकडे बघत होती, मग माझ्याकडे. हात अजून मांडीतच होता. मग हळूच तिचं कोपर टेबलावर आलं.

मी पर्स जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हात मोकळे केले.